नाव एकाचं, वहिवाट दुसऱ्याची

जमीन कुणाची, असं आमच्याकडं विचारलं की जाणता माणूस लगेच उत्तर देत नाही. तो उलट विचारतो, "नावावर कुणाच्या म्हणता, का कसतंय कोण?" कारण या दोन गोष्टी दरवेळी एकाच ठिकाणी सापडतात असं नाही. सातबारावर एकाचं नाव असतं आणि रानात दुसऱ्याचीच औत चाललेली असते. तालुक्याच्या कोर्टातले कितीतरी दावे या दोन गोष्टींच्या मधल्या फटीतून उगवलेले असतात.

माझ्या घरचंच सांगतो. जुन्नर तालुक्यात आमची साडेतीन एकर जमीन आहे. ती आजोबांच्या नावावर नव्हती. मालक पुण्याला नारायण पेठेत राहायचे. सुगीला एकदा यायचे आणि खंड घेऊन जायचे. आजा सांगायचा, मालकांना चतुःसीमा तोंडपाठ होत्या, पण विहिरीकडं जायची वाट विचारून घ्यावी लागायची. पुढं कूळकायदा आला. मूळ कायदा १९४८ चा, आणि त्यातल्या दुरुस्तीनं १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कायदेशीर कूळ म्हणून जमीन कसत होता, त्यानं ती विकत घेतली असं कायद्यानंच धरलं. आज्यानं ठरलेली किंमत हप्त्याहप्त्यानं फेडली आणि सातबारावर आमचं नाव लागलं.

म्हणजे आमच्या घराचा पायाच मुळी या विचारावर उभा आहे की नावापेक्षा वहिवाट मोठी. जो घाम गाळतो त्याचा हक्क, हे मी पुस्तकातून शिकलो नाही, भाकरीतून शिकलो.

पण त्या कायद्यानं शेतकऱ्याला दुसरंही एक शहाणपण दिलं. आता आमच्या भागात कुणी जमीन खंडानं दिली तर सहसा कागद करत नाही. वर्षाची बोली असते. पाडव्याला मोडायची, पाडव्याला नवी करायची. पीकपाहणीला तलाठ्याकडं खंडकऱ्याचं नाव लागू नये म्हणून मालक डोळ्यात तेल घालून बसतो. आणि म्हातारी माणसं आणखी एक गोष्ट सांगतात, ती कुठल्या कायद्यात नाही. ती म्हणतात, "दहा एकर असली तर नऊ दे, पर एक आपल्या हातात राखून ठेव." ते एक एकर कशासाठी, हे मला फार उशिरा आणि फार लांबच्या एका भांडणातून समजलं. ते भांडण समुद्रावरचं होतं, आणि मी ते ऐकलं समुद्रापासून दूर, नारायण पेठेत.

आमची अक्का त्याच पेठेत दिली. दाजी छापखान्यात खिळे जुळवायला होते. जुन्या वाड्यात दोन खोल्या, मधल्या चौकात नळ. भाडं इतकं कमी की आज सांगितलं तर पोरं हसतात. भाडेनियंत्रणाचा कायदा १९४७ चा, त्यानं भाडं जागच्या जागी बांधून टाकलेलं. वाडा मालकाच्या नावावर, पण मालकाला स्वतःच्या वाड्यात खिळा ठोकायचा तर भाडेकरूला विचारावं लागे. आणि भाडेकरूला वाडा आपला वाटे, पण गळकं कौल बदलायचं म्हटलं की तो म्हणे, ते मालकाचं काम. मालक म्हणे, तेवढ्या भाड्यात कौल परवडत नाही. दोघांचा असून वाडा दोघांचाही नव्हता, आणि पावसाळा कुणाचंच ऐकत नव्हता. एक भिंत बसली तेव्हा दोघांनी मिळून महापालिकेला नावं ठेवली. गावाकडं मी वहिवाटीचा विजय बघितला होता, पेठेत वहिवाटीची हेळसांड बघितली.

२०२१ च्या भाऊबीजेला मी अक्काकडं गेलो होतो. तिची लेक आणि जावई उरणहून आलेले. जावई बंदरात कामाला. बंदर म्हणजे न्हावा-शेवा, जवाहरलाल नेहरू बंदर. फराळ झाला आणि चौकात खुर्च्या पडल्या. शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेले, वरच्या मजल्यावरचे मास्तर इतिहास शिकवणारे. विषय निघाला तो बंदराच्या खाजगीकरणाचा.

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला पाहिजे. हे बंदर १९८९ साली सुरू झालं. देशातल्या मोठ्या बंदरांतून जेवढे कंटेनर जातात-येतात, त्यातले जवळपास निम्मे एकट्या या बंदरातून. सुरुवातीला सगळं सरकारी ट्रस्टच चालवायचा. १९९७ साली एक टर्मिनल बांधून ३० वर्षं चालवायचा करार पी अँड ओ या परदेशी कंपनीशी झाला. देशातल्या मोठ्या बंदरातलं ते पहिलं खाजगी टर्मिनल. मग एकामागून एक अशी चार झाली. ट्रस्ट स्वतः चालवत होता असं कंटेनर टर्मिनल एकच उरलं, ६८० मीटर धक्क्याचं. तेही चालवायला द्यायचा प्रस्ताव २०२० च्या अखेरीस मंजूर झाला. कामगार प्रतिनिधींनी विरोध केला, कामगार रस्त्यावर उतरले. आणि आम्ही चौकात चकल्या खात बसलो होतो त्याच आठवड्यात मोठ्या बंदरांचा नवा कायदा लागू झाला होता. १९६३ च्या कायद्यातले ट्रस्ट जाऊन आता प्राधिकरणं आली. बंदरांचे दर ठरवणारी जी वेगळी सरकारी यंत्रणा होती तीही गेली. नव्या करारातल्या खाजगी चालकाला बाजार बघून दर लावायची मोकळीक मिळाली.

काका म्हणाले, "यात रडण्यासारखं काय आहे? जमीन सरकारचीच राहते. चालवायला देतात फक्त. तीस वर्षांनी परत. याला खाजगीकरण म्हणायचं तरी कशाला?"

मी म्हणालो, "काका, आमच्याकडं याला खंडानं देणं म्हणतात."

जावई इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "मामा, खंडानं द्यायला जमीन आधी मालकाची लागते ना? आमची जमीन घेताना काय झालं ते विचारा."

मग तो बोलत गेला. नवी मुंबई वसवायला सरकारनं पंचाण्णव गावांच्या जमिनी घ्यायच्या ठरवल्या. शेतकरी दि. बा. पाटलांच्या मागं उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात, जासई आणि नवघरला, पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी गेले. त्या पाच जणांच्या मरणातून साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत द्यायचं तत्त्व निघालं. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला, माणसं हनुमान कोळीवाड्यात बसवली, तर तिथल्या घरांना वाळवी लागली. जावयाच्या बापाची भातजमीन अशीच गेली आणि बदल्यात त्याला बंदरात नोकरी मिळाली.

"मला पगार मिळंल मामा," तो म्हणाला. "माझी काळजी नको. पण बापानं जमीन दिली ती काय माझ्या एकट्याच्या पगारासाठी? जमीन असती तर पोराला मिळाली असती. नोकरी पोराला मिळत नाही. जमीन घेताना सांगितलं, देशाचं काम आहे. मग देशानंच करायचं ना ते काम? आमच्याकडून देशाच्या नावानं घ्यायचं आणि द्यायचं कंपनीला?"

चौकात कुणी बोललं नाही. अक्कानं त्याच्या ताटलीत आणखी एक करंजी ठेवली, तिला तेवढंच करता येण्यासारखं होतं.

त्याचा प्रश्न मी बरोबर घेऊन आलो आणि तो अजून माझ्याकडं आहे. माणूस एखाद्या कारणासाठी काही देतो. घेणाऱ्यानं पुढं कारण बदललं, तर देणाऱ्याला पुन्हा विचारायला पाहिजे की नको? गावात एखाद्यानं शाळेला जागा दिली आणि ग्रामपंचायतीनं तिथं गाळे काढून भाड्यानं दिले, तर कायदा काहीही म्हणो, गाव त्याला बरं म्हणत नाही. भाड्याचा पैसा गावालाच मिळाला तरी म्हणत नाही. दानाला आणि त्यागाला हेतू चिकटलेला असतो, तो खरवडून काढता येत नाही.

पण काकांची बाजूही मला खोटी म्हणता येत नाही. मी द्राक्षं लावतो. आमच्या भागातली द्राक्षं थंड कंटेनरात बसून याच बंदरातून युरोपला जातात. छाटणीपासून डब्यात बसेपर्यंत एकेका घडाची काळजी घ्यायची आणि बंदराच्या दाराशी ट्रकची रांग लागली की सगळी काळजी वाया. मण्याला सरकारी सुट्टी कळत नाही. खाजगी धक्क्यावर यंत्रं जास्त, जहाज लवकर मोकळं होतं, हे सगळेच सांगत होते. शेवटच्या त्या टर्मिनलवर नवी यंत्रं यायची तर पैसा पाहिजे होता, आणि नव्या करारात चालक ८७२ कोटी रुपये घालणार होता. जे "सगळ्यांचं" आहे ते गंजत ठेवायचं आणि वर अभिमान सांगायचा, हेही नीतीचं नाही.

आणि सरकारच्या हातातली किल्ली म्हणजे आपल्याच हातातली किल्ली, असंही शेतकऱ्यानं समजू नये. २०२३ च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात एका हुकमानं बंद झाली. धक्का सरकारी का खाजगी, याचा तिथं संबंधच नव्हता, वेसच लावून घेतली. शरद जोशींनी चाकणला कांद्याचं आंदोलन उभं केलं तेव्हा मी पोरसवदा होतो. सरकारनं शेतकऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हावं, हे त्यांचं म्हणणं माझ्या पिढीच्या हाडात गेलेलं आहे. सहकाराच्या नावानं उभे राहिलेले साखर कारखाने सभासदांचेच होते. तरी त्यातले किती बुडाले, किती लिलावात गेले. सभासदाचं नाव भागाच्या दाखल्यावर होतं, वहिवाट चेअरमनची होती.

मास्तर म्हणाले, हा प्रश्न आजचा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकर व्यापाऱ्यांविषयी इशारा आहे. त्यांना व्यापार करू द्यावा, पण वखारीसाठी समुद्रकाठची, खाडीवरची जागा देऊ नये, द्यायचीच तर आत द्यावी. पेशवाई बुडाली त्याच्या शंभरएक वर्षं आधीचं हे शहाणपण.

काका म्हणाले, "आता टोपीकरांचा काळ गेला."

"टोपी बदलली," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी जे सांगितलं ते मला नवीन होतं. १९९७ ला ज्या पी अँड ओ बरोबर करार झाला, ती कंपनी २००६ साली दुबईच्या डीपी वर्ल्डनं विकत घेतली. अमेरिकेतल्याही काही बंदरांवर पी अँड ओचं काम होतं. तिथं संसदेत एवढा गदारोळ झाला की डीपी वर्ल्डला ते काम विकून बाहेर पडावं लागलं. आपल्याकडं न्हावा-शेव्याचं कूळ बदललं आणि शेतकऱ्याला, कामगाराला पत्ताही लागला नाही. आमच्या गावात खंडकऱ्यानं परस्पर दुसरा खंडकरी घातला तर त्याच दिवशी बोली मोडते.

त्याहून मोठी गंमत पुढं आहे. डीपी वर्ल्ड ही दुबई सरकारची कंपनी. दुसरं एक मोठं टर्मिनल पीएसए चालवते, ती सिंगापूर सरकारच्या मालकीची. मग मला सांगा, सरकारला धंदा करता येत नाही हे वाक्य कुणाच्या सरकारला लागू आहे? दुबईचं सरकार समुद्र ओलांडून येऊन आमच्या दारात बंदर चालवतं आणि आमचं सरकार स्वतःच्या दारात म्हणतं, मला जमत नाही. ज्या घरातला मुलगा शेजाऱ्याच्या रानात रोजानं चांगला राबतो आणि आपल्या रानात झोपतो, त्या घरात दोष रानाचा नसतो.

अक्काच्या वाड्यापासून केसरीवाडा हाकेच्या अंतरावर. १९०५ साली टिळकांनी तो घेतला. टिळकांना मानणारे तुतीकोरिनचे वकील चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली स्वदेशी जहाज कंपनी काढली आणि कोलंबोच्या वाटेवर इंग्रजी कंपनीशी टक्कर घेतली. इंग्रजी कंपनीनं भाडं उतरवत नेलं, शेवटी फुकट न्यायची तयारी दाखवली. तिच्यामागं ताकद होती, तोटा सोसता येत होता. पिळ्ळैंना १९०८ साली पकडलं, १९११ पर्यंत कंपनी संपली. आज तुतीकोरिनच्या बंदराला त्यांचंच नाव आहे. ही कंपनी सरकारी नव्हती, खाजगी होती, भाग विकून काढलेली. तरी ती लोकांची होती. खाजगी म्हणजे परकं आणि सरकारी म्हणजे आपलं, हा हिशेब इतका सोपा नाही हे त्यावरून दिसतं. त्यातून दुसरंही दिसतं. दारात दोघं असतात तोवर दर उतरतो. एकच उरला की तो म्हणेल तो दर.

इथं मला म्हाताऱ्यांचं ते एक एकर आठवलं.

दहातलं एक एकर हातात राखायचं ते पोटासाठी नसतं. ते माप असतं. त्या एकरात मालक स्वतः राबला की त्याला कळतं यंदा बियाण्याला काय पडलं, मजुरी काय झाली, पीक किती उतरलं. मग खंडकरी "यंदा काहीच नाही पिकलं" म्हणाला तर मालक बांधावर उभा राहून सांगू शकतो, माझ्या एकरात एवढं आलं, तुझ्यात का नाही? ज्यानं दहाच्या दहा एकर दिले, तो खंडकऱ्याच्या तोंडाकडं बघत बसतो. दोन पिढ्यांत त्याच्या घरात औत धरणारा राहत नाही. मग तीस वर्षांनी जमीन परत आली काय नि न आली काय, ती घेऊन तो करणार काय? पुन्हा खंडानंच देणार. नारायण पेठेतले आमचे मालक असेच झाले होते. नाव शाबूत होतं, हात गेले होते.

बंदराचं ते शेवटचं टर्मिनल म्हणजे राखलेलं एक एकर होतं. ते उत्तम पिकत नसेल, मान्य. पण त्याच्यामुळं सरकारजवळ कंटेनर उचलायला खरा खर्च किती, हे सांगणारी स्वतःची माणसं होती. चार टर्मिनलं खाजगी चालकांना दिली याची मला खंत नाही, नऊ एकर द्यावेतच. दहावं देण्याआधी मात्र ते सुधारून बघायला पाहिजे होतं. जावयाच्या प्रश्नाला हे पुरतं उत्तर नाही, हे मी जाणतो. निदान ज्या कामासाठी जमीन घेतली ते काम थोडं तरी देशाच्या हातानं होत राहिलं असतं.

कुणी म्हणेल, तुझाच आजा कूळ होता आणि मालक झाला, आता तू मालकाची बाजू कशी घेतोस? मी बाजू दुबळ्याची घेतो. १९५७ साली दुबळा कूळ होता म्हणून कायदा त्याच्या मागं उभा राहिला. आज समुद्रावरचं कूळ बलाढ्य आहे आणि मालक म्हणजे तुम्ही-आम्ही, कागदावरचे. अशा मालकाला राखणारा कायदा अजून झालेला नाही.

२०२२ च्या जुलैत करार झाला. जे एम बक्षी आणि फ्रान्सची सीएमए या दोघांच्या भागीदारीला ते टर्मिनल ३० वर्षांसाठी मिळालं. आता ते बंदर पुरतं जमीनदार झालं आहे, सरकारी भाषेतही त्याला तसंच म्हणतात. माझी द्राक्षं जातात, ट्रक पुढं सरकतो. वाईटच होईल असं मी म्हणत नाही. २०५२ साली ज्यानं हिशेब मागायचा, त्याला हिशेब कळेल का, एवढंच विचारतो.

आणि आता वाढवण. डहाणूजवळच्या त्या किनाऱ्यावर १९९८ साली डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानं बंदराला नकार दिला होता. २०२३ साली त्याच प्राधिकरणानं परवानगी दिली. ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली, खर्च ७६ हजार कोटींच्या वर. मालकी न्हावा-शेव्याच्या प्राधिकरणाची आणि राज्याच्या सागरी मंडळाची, टर्मिनलं चालवणार खाजगी. म्हणजे इथं दहाच्या दहा एकर पहिल्या दिवसापासूनच खंडानं. शेतकऱ्याकडं दाखवायला निदान सातबारा असतो, त्यावर भांडता येतं, उरणकर भांडले. वाढवणच्या कोळ्याकडं काय आहे? कुठल्या खडकाशी कोणता मासा कोणत्या महिन्यात लागतो हे त्याला बापाकडून कळलं, बापाला आज्याकडून. ती नुसती वहिवाट आहे. समुद्राचा सातबारा निघत नाही, पाण्यात पीकपाहणीला तलाठी जात नाही.

माझ्या आज्याची वहिवाट कायद्यानं नावात बदलली म्हणून मी आज हे लिहायला बसलो आहे. त्या कोळ्याच्या वहिवाटीला कोण काय म्हणणार, हे बंदर किती मोठं होणार याच्याआधी ठरायला पाहिजे.